वादळ आलं की लोकर कूलरच्या पायालाच का गुंडाळली जाते?

अडचण अशी आहे. नवतपा सुरू असतो, म्हणजे 25 मेनंतरचे ते नऊ दिवस. दिवसभर नागपूर तव्यासारखं तापलेलं. संध्याकाळी हवा एकदम पडते, पश्चिमेकडे आभाळ मातकट पिवळं होतं आणि मग वारा असा सुटतो की कुणाच्या तरी गच्चीवरची प्लॅस्टिकची खुर्ची आमच्या अंगणात येऊन पडते. लाइन जाते. मोबाइल 18 टक्क्यांवर. अशा वेळी करण्यासारखं एकच काम उरतं, ते म्हणजे विणकाम. रात्री दहापर्यंत मी विणते, मग तिथेच गादी टाकून झोपते. सकाळी बघावं तर लोकर खोलीभर आडवी-उभी पसरलेली, कूलरच्या स्टँडच्या मागच्या पायाला सात-आठ वेढे, सुईवरचे निम्मे टाके गळालेले, आणि गुन्हेगार पाय पसरून गाढ झोपलेला.

गुन्हेगाराचं नाव तर्री. रंग पाहून ठेवलंय, पोह्यांवर ओततात ती तर्री. नाव बाईचं आणि मांजर बोका, पण तो घोळ आमचाच. भगव्या मांजरांत बहुतेक बोकेच असतात हे तेव्हा माहीत नव्हतं. दुसरी शेवंती, वय 11, पांढरी, तिला वादळाशी काही देणंघेणं नाही. तिचं प्रकरण शेवटी येईल.

घरात मांजर आणि लोकर दोन्ही असतील, आणि दर वादळाला हाच तमाशा होत असेल, तर पुढचं वाचा. नुसती लोकर असेल तर तुम्ही सुखी आहात.

फसलेले उपाय आधी सांगून टाकते. दोन्ही मांजरांना आतल्या खोलीत कोंडलं. तर्रीने दाराखाली पंजा घालून असा काही आकांत केला की शेजारच्या काकू छत्री घेऊन विचारायला आल्या. मग लोकर कापडी झोळ्यात ठेवली, तर तो झोळ्यातच जाऊन बसला. उंच कपाटावर ठेवून पाहिली. मांजर पाळणाऱ्याला उंच कपाट म्हणजे काय हे सांगायला नको. एकदा तर मी चिडून विणकामच बंद ठेवलं, आणि त्या रात्री त्याने पडद्याची झालर ओढली.

तेव्हा आई म्हणाली, "अवो बाई, ते भेवून राहिलं, तू त्याले काहून रागावून राहिली?"

मला तोवर वाटत होतं की हा खेळतोय. लोकर दिसली की मांजर खेळणारच, कॅलेंडरवरच्या चित्रात असतं तसं. पण खेळत असता तर गुंता दर वेळी वेगळ्या जागी झाला असता. आमचा गुंता दर वेळी कूलरच्याच पायाशी, आणि तोही मागच्या डाव्या पायाशी. म्हणून पुढच्या तीन वादळांना मी फक्त पाहत बसले. मी कुठे, लोकरीचा गुंडा कुठे, तर्री कुठून कुठे गेला, हे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेनाने काढून ठेवलं. तीनही चित्रांत एकच रेघ आली: पलंगावरून उडी, खोलीतून तिरपं धावत कूलरच्या मागच्या फटीत. आणि मी जिथे बसते तिथून गुंड्याकडे जाणारा धागा नेमका त्या रेघेवर आडवा. पळताना धागा मागच्या पायात अडकतो, फटीत शिरताना स्टँडला वेढा बसतो. रात्रभर गडगडाट झाला की तो आत-बाहेर करतो, दर फेरीला एक वेढा वाढतो. सात वेढे म्हणजे सात वेळा घाबरला.

कूलरचीच फट का, तेही मग उलगडलं. तिथे अंधार असतो, टाकीतल्या पाण्याने फरशी गार असते, आणि चार महिने दिवसरात्र ती घरघर ऐकून त्याला तो आवाज घरातलाच वाटतो. लाइन गेली की घरघर थांबते, तरी पाय सवयीने तिकडेच वळतात.

आता वेळेचं गणित. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झ इतक्या चिरक्या आवाजापर्यंत ऐकू येतं, मांजराला 60 हजारांच्याही वर. शिवाय वाऱ्याचा रोख बदलला, दारं-खिडक्या हलायला लागल्या, की ते आपल्याआधी सावध होतं. आपण वीज दिसल्यावर आवाजापर्यंत सेकंद मोजतो (तीन सेकंदांना एक किलोमीटर धरायचा), पण तेवढ्यात बोका पलंगावरून उडालेला असतो. म्हणून गडगडाट ऐकल्यावर आवराआवर करून उपयोग नाही. मी पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप मोबाइलमध्ये ठेवलंय. आपल्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या टापूत वीज पडत असली की ते कळवतं. शेतात काम करणाऱ्यांसाठी ते खरं कामाचं, पण मांजरवाल्यांनाही चालतं. सूचना आली की कधी पाऊण तास मिळतो, कधी दहाच मिनिटं. तेवढ्यात पुढची कामं करायची.

पहिलं काम कूलरचं. प्लग काढायचा, कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून. लोखंडी बॉडी, खाली पाणी, वर विजेचा लपंडाव आणि मागे घाबरलेलं मांजर, हे चारही एका ठिकाणी नकोत. कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळते. मग मागची फट बंद करायची. मी जुन्या पोळपाटाने करते, बरोबर बसतो.

पण फट बंद केली आणि दुसरी जागा दिली नाही तर तो फ्रिजमागे जाईल. लपू नको असं मांजराला सांगता येत नाही, कुठे लपायचं ते फार तर सुचवता येतं. मी आधी खोकं ठेवलं होतं. आता त्याऐवजी मांजर न्यायची दाराची पेटी ठेवते, दार उघडं, आत आईचं जुनं सुती लुगडं, वरून चादर. जागा मधल्या बोळकांडीत, जिथे खिडकी नाही. पेटीच का, तर 2023 च्या सप्टेंबरमधली नागपुरातली ती रात्र. 22 ची रात्र उलटून 23 उजाडायच्या आत काही तासांत 100 मिलिमीटरवर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोकांच्या तळमजल्यात पाणी शिरलं. आमच्या ओळखीच्या एका घरी माणसं वेळेत वर गेली, पण मांजर दिवाणाखाली इतकं आत जाऊन बसलं होतं की गुडघाभर पाण्यात अर्धा तास शोधावं लागलं. पेटीत लपलेलं मांजर दार लावून उचलता येतं. एवढाच मुद्दा, पण मोठा आहे.

पेटी वादळाच्या दिवशी काढू नका. आठ दिवस आधीपासून उघडी पडू द्या, त्यात अधूनमधून खाऊ टाका, तिला घराचा वास लागू द्या. एरवी पेटी दिसली की मांजराला डॉक्टर आठवतात. आणि एकदा आत जाऊन बसलं की ओढून बाहेर काढून कुशीत घ्यायचं नाही. मी हे केलंय, उजव्या मनगटावर अजून वण आहे. जवळ बसायचं, नेहमीच्या आवाजात बोलायचं, वाटलं तर ते येईल.

दुसरं काम खेळण्याचं. मांजराचा दिवस शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप या क्रमाने चालतो, आणि हा क्रम आपण हाताने लावून देऊ शकतो. सूचना आली की काडीला बांधलेलं पीस घेऊन दहा-पंधरा मिनिटं त्याला दमवायचं, शेवटी दोन-तीनदा पकडू द्यायचं आणि लगेच पोटभर वाढायचं. मग तो चाटत बसतो आणि डोळे मिटतो. जोराचा गडगडाट झाला तर उठेलच, पण जागं राहून वाट पाहणारं मांजर आणि झोपेतून दचकलेलं मांजर यांत फरक असतो. पहिलं खोलीभर धावतं, दुसरं जवळच्या पेटीत शिरतं. फक्त खेळवायला लोकर कधीच वापरायची नाही. एकदा शिकार म्हणून दाखवली की ती कायमची शिकार झाली.

आता लोकरीकडे येऊ, कारण खरी दुरुस्ती इथे झाली.

बाहेरून सुटणारा गुंडा दर ओढीला गडगडतो, आणि मांजराची नजर हालचालीवर असते. अंधुक उजेडातही ती आपल्यापेक्षा कितीतरी चांगली चालते. आपल्याला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याच्या उजेडात त्याचं भागतं. म्हणून आतून सुटणारा गुंडा करायचा, जो जागचा हलत नाही. डाव्या हाताचा अंगठा उभा धरा. लोकरीचं टोक वीतभर मोकळं सोडून उरलेल्या बोटांत दाबून ठेवा. अंगठा आणि तर्जनीभोवती इंग्रजी आठासारखे पंधरा-वीस वेढे घ्या, मराठी आठासारखे घेतलेत तर काही जमणार नाही. ते काढून दुमडा, अंगठ्यावर ठेवा, आणि त्यावरून तिरपं गुंडाळत चला. दहा-बारा वेढे झाले की गुंडा जरा फिरवा. घट्ट ओढू नका, ताणून गुंडाळलेली लोकर विणल्यावर आखडते. संपलं की बाहेरचं टोक शेवटच्या वेढ्याखाली खोचा. आतलं टोक तुमच्या हातात आहेच.

आणि हा गुंडा ठेवायचा किटलीत. हो, चहाच्या. टपरीवर असते तशी अ‍ॅल्युमिनियमची, झाकणाची. धागा तोटीतून बाहेर काढायचा. तोटीचं तोंड गुळगुळीत असलं पाहिजे, आमच्या किटलीला आधी खरखरीत कड होती, ती पॉलिशपेपरने घासून घ्यावी लागली. रिकामी किटली हलकी असते, म्हणून तळाशी फडक्यात गुंडाळलेला खलबत्त्यातला दगड ठेवलाय. तर्री येतो, झाकणावर एक पंजा मारतो, ठण्ण वाजतं, तो मागे सरतो. मी स्टीलच्या डब्याला खिळ्याने भोक पाडूनही पाहिलं होतं. त्याच्या कडेने धागा कुरतडला, तो नाद सोडा.

किटली कुठे ठेवायची? मांडीला लागून, भिंतीच्या बाजूला. तोटी ते हात हे अंतर कोपरापासून मनगटाएवढं, जास्त नाही. खोलीत जी पळायची रेघ आहे तिच्यावर धागा येताच कामा नये. माझा निम्मा प्रश्न फक्त बसायची जागा खिडकीकडून भिंतीकडे नेल्याने मिटला, आणि त्याला पैसाही लागला नाही. तुमच्या मांजराची रेघ वेगळी असेल. एक-दोन वादळं नुसतं बघत बसलात की सापडेल.

काय विणायचं, यावरही बरंच अवलंबून आहे. वादळाच्या रात्री सुयांवर 80 टाके असलेलं स्वेटर हातात घेणं हा हट्ट झाला. त्यातले सगळे टाके जिवंत असतात. मांजराने एक सुई ओढली की ओळच्या ओळ गळते, आणि अंधारात गळलेला टाका चार ओळी खाली पोचेपर्यंत कळत नाही. क्रोशात कुठल्याही क्षणी एकच फास सुईवर असतो. ओढला तरी थोडं उसवतं आणि तेही धागा ओढेल तेवढंच. त्या फासात सेफ्टी पिन अडकवून उठलात तर तेवढंही नाही. म्हणून आमच्याकडे वादळाचं काम म्हणजे क्रोशाचे चौकोन: साखळीचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे, म्हणजे उंच टाक्यांचे, गट, कोपऱ्यात दोन गट. बोटांनी चाचपून मोजता येतं. रंग फिका घ्यायचा, लोकर जाड. काळी लोकर दिवसासुद्धा दिसत नाही.

सुयांवरच विणायचं असेल तर नुसतं सुलट विणा, आणि दर दहा ओळींनी एक सुरक्षेचा दोरा घाला. दाभणात वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून तो नेऊन तसाच सोडायचा. वरचं कितीही उसवलं तरी त्या ओळीवर येऊन थांबतं, टाके दोऱ्यावर लटकलेले सापडतात. काम ठेवताना सुयांच्या टोकांना रबरबँडचे दोन-तीन वेढे द्या.

उजेडासाठी मेणबत्ती नको. बाजारात लोकर म्हणून मिळतं त्यात बरंचसं अ‍ॅक्रिलिक असतं, आणि ते जळताना वितळून कातडीला चिकटतं. तुमच्याकडचं काय आहे ते एक इंच तुकडा चिमट्यात धरून, सिंकवर, दिवसा पेटवून बघा: केस जळाल्याचा वास आणि बोटांत चुरडणारी राख म्हणजे मेंढीची लोकर, वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. शिवाय मेणबत्तीच्या उंचीवर शेपूट असतं. गळ्यात अडकवायचा चार्जिंगचा दिवा मिळतो, तो घ्या. इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही, आमचा वीस मिनिटांत मान टाकतो.

एवढं करूनही गुंता झाला तर रात्री हात लावू नका. सकाळी, चहा झाल्यावर, मांजर दुसऱ्या खोलीत असताना. आधी काहीच ओढायचं नाही. गुंता दोन्ही तळहातांत धरून हलका झटकत मोकळा, फुगीर करायचा. टोक सापडलं की ते मोकळ्या फटींतून काढत जाताजाता लगेच पुठ्ठ्यावर गुंडाळायचं, नाहीतर सुटलेलं पुन्हा गुंततं. कूलरच्या पायाचे वेढे उलट दिशेने फिरून सोडवायचे, स्टँड उचलायचा नाही, टाकीत पाणी असतं. तासाभरात जमलं नाही तर कात्री. मेंढीच्या साध्या लोकरीची दोन टोकं जरा उसवून, एकमेकांत घालून, ओल्या तळहातांवर जोरात घासली की एकजीव होतात. अ‍ॅक्रिलिकची होत नाहीत, तिथे वीतभर टोकं सोडून नंतर दाभणाने विणीत लपवायची.

कापलेले तुकडे मात्र मोजा. हे मी गमतीत सांगत नाहीये.

मागच्या जूनमध्ये अशाच एका सकाळी दोन टोकं जुळेनात, मधला हातभर तुकडा गायब. मी सोफ्याखाली शोधत बसले. दुपारी तर्रीने दोनदा ओकारी काढली, संध्याकाळी ताटलीकडे पाहिलं नाही, तोंडातून लाळ. डॉक्टरांनी पोटाआधी तोंड उघडून जिभेखाली पाहिलं, आणि तिथे धाग्याचा फास होता. मांजराच्या जिभेवरचे बारीक काटे घशाकडे वळलेले असतात, तोंडात गेलेला धागा त्याला थुंकता येत नाही, तो आतच सरकतो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकलं आणि दुसरं आतड्यात गेलं, की नाडी ओढल्यावर परकराचा घेर गोळा होतो तसं आतडं धाग्यावर गोळा होतं, आणि ताणलेला धागा आतून आतडं कापू शकतो. तर्रीचं लवकर लक्षात आलं, गुंगी देऊन निघालं. पण डॉक्टरांनी मला आधी हेच विचारलं, "ओढला नाही नं?" मी नव्हता ओढला, कारण दिसलाच नव्हता. दिसला असता तर नक्की ओढला असता.

तर तोंडातून किंवा शेपटीखालून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, घरी तेल-तूप पाजू नका, थेट पशुवैद्य गाठा. वाट पाहून बघू हा पर्याय इथे नाही. धाग्याला सुई असेल तर अर्थातच त्याहून घाईचं. जवळच्या डॉक्टरांचा आणि, नागपुरात असाल तर, सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा, म्हणजे वादळात मोबाइल मेला तरी शेजाऱ्यांच्या फोनवरून लावता येतो. रात्री कोण असतं हे आधीच विचारून घ्या.

याच्या जोडीला एक छोटं. लोकरीच्या पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवायची पद्धत आहे, ती मांजराच्या घरात बंद करा. त्या मांजराला विषारी असतात, कापूरही तसाच. आम्ही लोकर आधी कडक उन्हात घालतो, उन्हाची नागपुरात ददात नाही, आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो.

या वर्षी अवकाळी पकडून चार वादळं झाली. कूलरच्या पायाला एकही वेढा नाही. तिसऱ्या वेळी गारा पडल्या, पत्र्यावर इतका आवाज की आई आणि मी एकमेकींशी ओरडून बोलत होतो, आणि तर्री पेटीतून फक्त नाक बाहेर काढून बसला होता. पोळपाट जागेवर, किटली जागेवर. पहाटे तीनला लाइन आली तेव्हा माझे सहा चौकोन झाले होते.

शेवंतीवर मात्र उपाय सापडलेला नाही. ती धाग्याला शिवत नाही, पळत नाही, लपत नाही. झालेले चौकोन मी शेजारी रचून ठेवते, ती येते, त्यांवर पंजे मागेपुढे तुडवते, दोनदा गोल फिरते आणि बसते. चौकोन जोडायचे तर तिला उठवावं लागतं. आई म्हणते, "झोपू दे नं बिचारीले." जानेवारीपासून गोधडी जोडायची राहिली आहे.